कोरड्यावरचे पूल

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातून गाडी हाकताना मला एक रिकामटेकडा छंद जडला आहे, पुलांवरच्या पाट्या वाचायचा. पूल म्हणजे तरी काय, बहुतेक वेळा मोरीचा थोरला भाऊ. चाकाखाली एकदा खट् वाजतं, लगेच दुसऱ्यांदा खट् वाजतं आणि पूल संपतो. खाली पाण्याचा टिपूस नसतो. पांढरट वाळू, चार खुरटी झुडपं, कुणाच्या तरी ट्रकचं फुटलेलं टायर. पण कठड्याजवळ एक लहानशी पाटी असते आणि तिच्यावर त्या कोरड्या खाचेचं नाव लिहिलेलं असतं. अमका वॉश, तमका डिच. ताशी सत्तर मैलांनी जाताना नाव पुरतं वाचूनही होत नाही. वर्षाचे तीनशेसाठ दिवस ज्याच्यात काही वाहत नाही त्याला इतक्या निगुतीनं नाव कोणी ठेवलं असेल, असं मला आधी वाटायचं. मग वाटायला लागलं, नाव ठेवणाऱ्याला उरलेले पाच दिवस ठाऊक असणार.

यातली एक पाटी ‘टेक्स वॉश’ची. लॉस एंजेलिसहून फीनिक्सकडे जाणाऱ्या इंटरस्टेट-१० वर, डेझर्ट सेंटर नावाच्या ओसाड वस्तीजवळ. १९ जुलै २०१५ ला, रविवारी, डोलोरेस नावाच्या चक्रीवादळाचं उरलंसुरलं आभाळ मेक्सिकोच्या बाजूनं वर सरकलं. तिकडे लॉस एंजेलिसच्या बाजूला जुलै महिना म्हणजे पावसाचं नावही काढायचं नाही. त्या दिवशी अनाहाइमचा बेसबॉलचा सामना पावसामुळे रद्द झाला, तर तिथे अशी वेळ वीस वर्षांत पहिल्यांदाच आली होती. लोकांना गंमत वाटली. इकडे वाळवंटात टेक्स वॉशला लोंढा आला आणि पूर्वेकडे जाणाऱ्या बाजूचा पूल खचला. एक पिकअप त्या खचलेल्या तुकड्यातच अडकला. जखमी चालकाला अग्निशामक दलानं बाहेर काढलं. लॉस एंजेलिसच्या बंदरांतून निघालेला माल ज्या रस्त्यानं पूर्वेला जातो तो रस्ताच तुटला. पुढच्या शुक्रवारी शेजारच्या, पश्चिमेकडे जाणाऱ्या बाजूच्या पुलावरून दोन्ही दिशांची वाहतूक एकेका पट्टीनं सुरू झाली, तोवर ट्रकवाल्यांनी कुठून कुठून वळसे घातले.

तो पूल १९६७ सालचा. काँक्रीटचा, धडधाकट. काही महिन्यांपूर्वी त्याची पाहणी झाली होती आणि त्यात काळजीचं काही निघालं नव्हतं. पाहणी करणाऱ्यांना मी दोष देणार नाही, कारण पूल मोडला नव्हता. पुलाच्या टोकाखालची माती गेली होती. वरचं काँक्रीट बिचारं शेवटपर्यंत काँक्रीटच होतं.

पाणी इथे कसं येतं ते कळायला मला बराच काळ लागला. आपल्याकडे ओढ्याला पूर येतो तेव्हा आधी आपल्या अंगणात पाऊस पडतो. इथे तसं असेलच असं नाही. वीस-पंचवीस मैलांवरच्या डोंगरात ढग फुटतो, आपल्या डोक्यावर मात्र लख्ख ऊन. डोंगर उघडेबोडके, जमीन भाजून कडक झालेली. ती पाणी पीत नाही, पुढे ढकलते. घळीतून बाहेर पडलं की डोंगराच्या पायथ्याशी दगडमातीचा पंख्यासारखा पसरलेला उतार लागतो. त्यावर पाणी कुठला रस्ता धरील याचा नेम नाही. गेल्या वेळी डावीकडून आलं म्हणून या वेळी डावीकडूनच येईल असं कुणी सांगावं? आणि ते नुसतं पाणीही नसतं. निम्मी वाळू, गडगडणारे दगड, मुळासकट उपटलेली झुडपं. अशा पाण्याचं ओढ्याच्या पात्राशी काही देणंघेणं नसतं. ते पुलावर तिरकं येऊन आदळतं आणि टोकाच्या भरावाला खेटतं.

त्याहून विलक्षण गोष्ट खाली घडते. पूर ऐन भरात असतो तेव्हा खांबाभोवती पाण्याचे भोवरे फिरतात आणि तळाची वाळू उचलून नेतात. पायाशी खड्डा पडतो, कधी कधी पुरुषभर खोल. मग पूर ओसरायला लागतो, पाण्याचा जोर कमी होतो आणि वरून वाहत आलेली वाळू त्याच खड्ड्यात बसते. पाणी जाताना आपला खड्डा आपणच बुजवून जातं. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहावं तर सपाट वाळू, जणू काही घडलंच नाही. ती वाळू मात्र पोकळ, भुसभुशीत असते आणि खांब अधांतरी उभा राहून आल्यागेल्याचं वजन पेलत असतो. न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी क्रीकवरचा पूल ५ एप्रिल १९८७ ला असाच पायाखालची जमीन जाऊन कोसळला. दहा माणसं गेली. त्यानंतर या देशात पुलांखालची ही झीज मोजायची पद्धत लागली. म्हणजे वरून पूल पाहून भागत नाही, त्याच्या पायाखाली कधीकाळी काय झालं असेल ते ताडावं लागतं.

हे सगळं माहीत असलेला एक माणूस मला ध्यानीमनी नसताना माझ्याच शेजारच्या सीटवर भेटला. आमचे मामा. माणदेशात जन्म गेला, सगळी नोकरी एस.टी.चं स्टिअरिंग धरण्यात गेली. निवृत्तीनंतर आमच्याकडे अमेरिकेला आले, तेव्हा ग्रँड कॅन्यन दाखवायला घेऊन निघालो. मोठा रस्ता सोडून मुद्दाम जुन्या रूट ६६ नं, अँबॉयच्या वाटेनं गेलो. रूट ६६ म्हणजे अमेरिकेचा लाडका म्हातारा रस्ता. १९२६ साली त्याला हा क्रमांक मिळाला, १९८५ साली काढून घेतला. १९७३ च्या सुमारास इंटरस्टेट-४० उत्तरेकडून निघून गेला आणि अँबॉय एका झटक्यात आडगाव झालं. आता तिथे एक भलीमोठी लाल-काळी पाटी, एक पेट्रोल पंप आणि फोटो काढणारी माणसं. बाकी शेजारून जाणारी रेल्वे. तिच्या स्टेशनांची नावं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं लावलेली, अँबॉय, ब्रिस्टल, केडिझ, डॅनबी, एसेक्स, फेनर, गॉफ्स. मामांना त्याचं कौतुक वाटेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “वेळापत्रक लिवायला सोपं पडत आसंल.”

या रस्त्यावर शंभराहून जास्त लाकडी पूल आहेत. बहुतेक १९३० च्या आसपासचे. तेव्हा लाकूड स्वस्त पडत होतं आणि एखादा पूल वाहून गेला तर चार दिवसांत पुन्हा उभा करता येत होता. वरून जाताना लाकूड दिसत नाही, डांबरच दिसतं. फक्त पांढरे लाकडी कठडे दोन्ही बाजूंनी आले की समजायचं, पूल. मामांनी एक, दोन, तीन असे जाऊ दिले आणि मग म्हणाले, “आरं थांब जरा. एवढं पूल, आन् पाणी कुठाय?”

आम्ही उतरून खाली गेलो. मामा वाकून पुलाखाली शिरले, पाठोपाठ मी. आत सावली होती आणि जुन्या रेल्वे स्टेशनवर, रुळांखाली लाकडी स्लीपर असत तेव्हा यायचा तो वास. तेल पाजलेल्या लाकडाचा, उन्हात तापलेला. खांबांच्या रांगा जवळ जवळ, वर आडव्या तुळया, बोटाएवढे गंजके बोल्ट. काही खांब उभे चिरले होते, एकाला लोखंडी पट्ट्यानं आवळलं होतं. आणि कमरेएवढ्या उंचीवर सगळ्या खांबांना काडीकचरा अडकलेला. झुडपांची मुळं, वाळक्या काटक्या, प्लॅस्टिकची पिशवी, शीतपेयाचा चेपलेला डबा. सगळं एकाच दिशेला विंचरल्यासारखं वळलेलं. मामांनी त्या कचऱ्याच्या रेषेवर तळहात ठेवला. “हितवर आल्तं.” मग टोकाच्या फळ्यांशी जाऊन त्यांनी दोन फळ्यांच्या फटीत बोट घातलं. मागचा भराव वाळूच्या घड्याळासारखा सरसर गळायला लागला. मामांनी बोट काढलं, गळणारी वाळू पायानं उगीच दाबल्यासारखी केली. “पूल बरा हाय,” ते म्हणाले, “पर खांब लई जवळजवळ. झाडझुडूप आडकलं की झालंच धरण. मग पाणी पुलाखालनं कशाला जाईल? शेजारनं रस्ता कापून जातंय.”

नेमकं तसंच होतं. २०१४ आणि २०१७ च्या पुरांत या रस्त्याची दैना झाली ती बऱ्याच अंशी अशीच. काही तुकडे त्यानंतर वर्षानुवर्षं बंद राहिले. ज्यांवरून जाता येतं त्या पुलांवर वजनाची मर्यादा लिहिलेल्या पाट्या लागल्या.

माणदेशाला दुष्काळी म्हणतात, आणि तो आहेच. पण इथल्या मानानं तो हिरवागार. आमच्याकडे चार-पाचशे मिलिमीटर तरी पाऊस पडतो, इथे वर्षाकाठी जेमतेम शंभर. तरी ओढ्यांची जात मला एकच वाटते. लहानपणी आमच्या गावाला येणारी एस.टी. फरशीवरून यायची. पूल परवडायचा नाही म्हणून ओढ्याच्या तळाशीच दगडी फरशी घातलेली, कडेला चुना फासलेले दगड रोवलेले. पाणी आलं की ड्रायव्हर गाडी थांबवून त्या दगडांकडे बघायचा. दगडांची डोकी दिसत असली तर गाडी घालायची. नाहीतर फरशीच्या दोन्ही अंगांना माणसं उकिडवी बसून राहायची, बिड्या ओढत, पाणी उतरायची वाट बघत. कुणी घाई करायचं नाही. ओढ्याला उशीर झाला तर शाळेलाही उशीर चालायचा. इकडे शेजारच्या ॲरिझोनात घाई करणाऱ्यांसाठीच १९९५ साली एक कायदा झाला. अडथळे लावलेले असताना पाण्यात गाडी घालून अडकलात तर सुटकेचा खर्च तुमच्याकडून वसूल करायचा. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘मूर्ख वाहनचालक कायदा’. मामा हे ऐकून इतके खूश झाले की दोन दिवस कुणी चुकीचं ओव्हरटेक केलं की ते म्हणायचे, “ह्याला लावा तो कायदा.”

पण टेक्स वॉशची गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले नाहीत. दोन पूल शेजारी शेजारी, एक गेला, एक राहिला, एवढं ऐकल्यावर म्हणाले, “महाडवानी.” २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पुरात गेला. शेजारचा नवा पूल उभाच होता. जुन्या पुलाची त्याच वर्षीच्या मे महिन्यात पाहणी झालेली. दोन एस.टी. गाड्या आणि इतर वाहनं अंधारात नदीत गेली. मामांची तेव्हा नोकरी चालू होती. त्या गाड्यांचे चालक त्यांच्या ओळखीचे नव्हते, विभागच वेगळा. पण त्यानंतर पावसाळ्यातल्या रात्री कुठलाही जुना पूल आला की ते गाडी उभी करायचे, दिवे मोठे करायचे आणि पुलाचं पलीकडचं टोक दिसेपर्यंत क्लच सोडायचे नाहीत. मागे कंडक्टर घंटी मारून वैतागायचा. सावित्रीवर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, जून २०१७ मध्ये खुला झाला. एवढ्या लवकर बांधता येतो हे पाहून कौतुक वाटावं की राग यावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अँबॉयच्या रस्त्याच्या कडेनं मातीचे बांध घातलेले आहेत. छातीभर उंचीचे, मैलच्या मैल. पसरत येणाऱ्या पाण्याला गोळा करून पुलाच्या तोंडाशी आणायचं हे त्यांचं काम. पाण्याचे दांडच ते, फक्त पाणी शेताला न्यायच्या ऐवजी रस्त्यापासून लांब न्यायचे. पण प्रवाशांनी त्यांच्या पाट्या करून टाकल्या आहेत. वाळवंटातले काळे दगड गोळा करून बांधाच्या उतारावर नावं मांडायची. नावांमागून नावं, बदाम, साल, गाव, देश. जर्मन, जपानी, कोरियन. मला हा प्रकार आधी बालिश वाटला, मग आवडला. इथे पाऊसच नाही म्हणून दगड हलत नाहीत, कुणा प्रेमिकांची अक्षरं वर्षानुवर्षं तशीच राहतात. मामांना तो मुळीच आवडला नाही. बांधाच्या पायथ्याचे दगड उचलून वर नाव मांडलेलं पाहून ते म्हणाले, “बांधाचा दगड काढत्यात व्हय? शेतात आसं केलं आसतं तर भाऊबंदकी झाली आसती.” त्यांचं बरोबर होतं. पायथ्याचा दगड गेला की पाणी तिथूनच कुरतडायला सुरुवात करतं. आणि लोकांचंही चुकलं म्हणवत नाही. बांधाचा उपयोग त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो.

पुढे एका जुन्या पुलाच्या जागी नवा बांधायचं काम चाललं होतं. रस्ता एकपदरी केलेला, वाहतूक बगलेच्या मातीच्या रस्त्यानं काढलेली. तो वळणरस्ता ओढ्याच्या पात्रातूनच जात होता, हे मामांनी माझ्याआधी पाहिलं. तोंडाशी केशरी जाकिटातला एक माणूस ‘थांबा’ आणि ‘हळू’ अशी दुतोंडी पाटी घेऊन उभा. समोरून गाड्या यायच्या होत्या म्हणून थांबायला सांगितलं. आम्ही उतरलो. जुने खांब उपटून एका बाजूला रचले होते. जमिनीत गाडलेला भाग आणि वरचा भाग यांच्यात रंगाची सरळ रेघ. नव्या कामाचे लोखंडी खांब खोल ठोकून झाले होते आणि दोन रांगांमधलं अंतर चांगलं ऐसपैस होतं. मामांनी ते पावलांनी मोजलं आणि मान हलवली. पसंत.

रूट ६६ वर प्रेम करणाऱ्या मंडळींना ही पसंती सहजासहजी पटणार नाही. त्यांना वाटतं, लाकूड गेलं की रस्त्याचं रूप गेलं. मलाही पांढरे कठडे आवडतात. नव्या पुलाला निदान तसे कठडे असावेत, असं मीही म्हणेन. पण त्यापलीकडे जाऊन जुने खांब तसेच ठेवा म्हणणाऱ्यांची मला थोडी चीड येते. ते वर्षातून एकदा येतात, हिवाळ्यात, हवा छान असताना. एसेक्समध्ये राहणाऱ्याला रुग्णवाहिका येण्याजोगा रस्ता हवा असतो. त्याच वेळी मला उलटं भयही वाटतं. शंभर लहान पुलांच्या जागी हिशेबासाठी चाळीस मोठे करू, असं कुणी म्हणेल. त्या जुन्या माणसांनी पाणी कुठूनही येईल हे मानलं होतं, म्हणून जागोजागी दारं ठेवली होती. त्यांचं लाकूड चुकलं असेल, पण दारांची संख्या चुकली नव्हती.

तेवढ्यात पाटीवाल्या माणसानं आमच्या गाडीच्या दिशेनं हात केला. गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघा, म्हणाला. सावलीला कासव येऊन बसतं. या वाळवंटातलं कासव संरक्षित आहे, आणि इथल्या प्रत्येक कामगाराला हे शिकवलेलं असतं की चाकाखाली पाहिल्याशिवाय इंजिन चालू करायचं नाही. कासव दिसलं तर त्याला हातही लावायचा नाही, त्यातल्या जाणकारालाच बोलवायचं. कारण ते घाबरलं तर मुततं, आणि त्याचं महिनोन्‌महिन्यांचं पाणी त्या मूत्राशयातच साठवलेलं असतं. एका घाबरण्यात सगळी साठवण जाते, मग उन्हाळ्यात ते मरतं. मामा गुडघ्यावर बसून गाडीखाली डोकावले. कासव नव्हतं. मामा जरा हिरमुसले.

एक हेल्मेटवाले गृहस्थ जवळ आले. मी विचारलं, केवढ्या पुराचा हिशेब धरलाय? ते म्हणाले, शंभर वर्षांच्या. मी मामांना समजावलं की शंभर वर्षांतून एकदाच येतो असं नव्हे. दर वर्षी तो यायची शक्यता शंभरात एक, असा त्याचा अर्थ.

“म्हंजी पुढच्या वर्षीबी येईल?”

“येऊ शकतो.”

“आन् त्याच्या पुढच्या?”

“तेव्हाही.”

“आन् ह्ये शंभर वर्सं मोजलं कुनी? तवा हितं कोन बसलं हुतं?”

मी प्रश्न गृहस्थांना सांगितला. ते मनापासून हसले, रेल्वेकडे हात करून म्हणाले की रेल्वेवाले १८८३ पासून इथे आहेत, त्यांच्या जुन्या नोंदी असतात. आणि त्यांच्या आधी इथले मूळ रहिवासी, चेमेह्युएवी लोक होते. त्यांना विचारलं पाहिजे होतं, एवढं बोलून ते पुन्हा खांबांकडे गेले. मी हेही सांगितलं. मामांनी लांबूनच त्यांना नमस्कार केला.

पाटी फिरली, ‘हळू’ आलं. आम्ही वळणरस्त्यावर उतरलो. पात्राच्या मधोमध आल्यावर मामांनी काच खाली करून डोंगराच्या बाजूला पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला. “परत येताना ह्योच रस्ता धरायचा का मोठा?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी हवामान बघू, आणि फोन काढला. रेंज नव्हती. मामा म्हणाले, “मग गाडी घाल बिगीनं. बघतोस काय?”